तुलनेचं शेत

माझं लग्न होऊन मी या घरात आले, त्याच वर्षी आमच्या शेताच्या बांधावर पाटी लागली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, दोन खांबांवर ठोकलेली. शेजारच्या शेतात तशीच दुसरी. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सुधारित पद्धत'. आमच्या पाटीवर, 'जुनी पद्धत'. जाणारा-येणारा दोन्ही वाचायचा आणि मग नापास झालेल्या पोराकडे पाहुणे जसे बघतात, तसा आमच्या मक्याकडे बघायचा.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, तेव्हा साठीला टेकले होते. उंच, काटक, आणि बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. आमचे हे ट्रकवर असायचे, आठवड्यातून दोन दिवस घरी. त्यामुळे घरात मी, सासूबाई आणि मामंजी अशी तीनच माणसं. पाटीचा मामला कसा झाला, तो मला सासूबाईंनी सांगितला, आणि नंतर मामंजींनी थोडा थोडा करून.

आमच्याकडे संस्था काही नवीन नव्हत्या. एकीनं कोंबड्या वाटल्या होत्या, त्या महिन्याभरात माना टाकून बसल्या. एकीनं फळझाडांची कलमं आणली, ती जमीन तापून तवा झाल्यावर. एकीनं नुसतीच बैठक घेतली, फोटो काढला आणि ती गेली ती गेलीच. लोकांनी त्यावरून हिशोबच बांधला होता. संस्था जीपमधून आली तर तीन वर्षं टिकणार, मोटरसायकलवर आली तर एक, आणि पायी आली तर ती संस्था नाही, पत्ता चुकलेला माणूस. फुकट मिळेल ते घ्यावं, मान डोलवावी आणि आपल्या शेतात आपल्याला हवं तेच करावं, ही सगळ्यांची रीत.

या वेळची संस्था स्कूटरवर आली. पोरगीच होती, पंचविशीची. केसांवर धुळीचा थर, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. सगळे तिला ताई म्हणायचे, फक्त मामंजी मॅडम म्हणायचे. गोदामाच्या ओसरीत तिनं बैठक घेतली. नवीन पद्धतीनं मका लावायला कोण शेत देतं, असं विचारल्यावर पटापट हात वर झाले, कारण बियाणं आणि खत संस्थेचं होतं. त्यातून आमच्या शेजाऱ्यांची निवड झाली. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणायचे. चष्मा काढला की त्यांना स्वतःचा बैलसुद्धा म्हैस दिसायचा.

मग ताई म्हणाली, "आता मला त्यांच्या शेजारचं एक शेत हवंय. तिथे दर वर्षी करता तेच करायचं. काही बदलायचं नाही. म्हणजे दोन्हीतला फरक सगळ्यांना दिसेल."

"त्याला काय मिळणार?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही.

"म्हणजे फुकटात हरायचं!" मागून आवाज आला आणि सगळी ओसरी हसली. ताई तशीच उभी राहिली, वही छातीशी धरून. आणि मामंजींनी हात वर केला.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांना धारेवर धरलं. "अहो, हात वर करायची एवढी हौस होती, तर खत मिळत होतं तेव्हा करायचा होता!"

"ती उभी होती, कोणी बोलेना," एवढंच म्हणाले.

खरं कारण त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. आम्ही दोघं कणसं सोलत बसलो होतो. म्हणाले, "सूनबाई, माझ्या बापानं मला शेती शिकवली. त्यातलं किती बरोबर आणि किती चूक, हे तोलून बघायची संधी कोणाला मिळते? मला बघायचं होतं."

हात वर करून दिलेल्या शब्दाला ते शेवटपर्यंत जागले. आमच्या दोन एकरांतला पाटीचा तुकडा अर्ध्या एकराचा. उरलेल्या जमिनीत काय करायचं ते करायला ते मोकळे होते, आणि दुसऱ्याच वर्षापासून तिथे त्यांनी नवीन पद्धत आणली. चष्मेवाल्यांचं बघून बघून शिकले. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारायच्या, गाठीपाशी एकच दाणा टोकायचा, रोपं गुडघ्याला लागली की मुळाशी मूठभर खत. पण पाटीच्या तुकड्यात एक काडी इकडची तिकडे नाही. एकदा चष्मेवाल्यांच्या खताचं पोतं बांधावर फाटलं आणि पांढरे दाणे आमच्या बाजूला सांडले. मामंजी पत्र्याचा तुकडा घेऊन अर्धा तास ते खरवडत बसले. घमेलंभर मातीसकट दाणे पलीकडे नेऊन ओतले.

"राहू द्यायचं होतंस की," चष्मेवाले म्हणाले. दोघं लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांना अरे-तुरे करायचे.

"त्या पोरीचं गणित बिघडेल," मामंजी म्हणाले.

वजन व्हायचं कापणीच्या दिवशी. तीन बांबूंची घोडी, तिला लटकवलेला काटा, आणि भोवती अर्धं गाव. पहिल्या वर्षी चष्मेवाल्यांचा मका आमच्या दीडपट भरला. दुसऱ्या वर्षी त्याहून थोडा जास्त. लोक टाळ्या वाजवायचे, मामंजीही वाजवायचे. पण चहाच्या टपरीवर नाव पडायचं ते पडलंच. "या, जुनी पद्धत, बसा!" मामंजी बसायचे, चहा प्यायचे आणि उठून यायचे. सासूबाईंचा मात्र तिळपापड व्हायचा. त्या महिनाभर त्या टपरीवरून गेल्या नाहीत, वळसा घालून दळण आणायच्या.

पाहुण्यांचं मात्र मामंजींना फार अप्रूप होतं. दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी शेत बघायला यायचं. कधी दुसऱ्या गावचे शेतकरी, कधी कॉलेजची मुलं, कधी संस्थेचे मोठे साहेब. पाहुणे येणार असले की मामंजी आदल्या दिवशी बांधावरचं गवत कापायचे, पाटी ओल्या फडक्यानं पुसायचे. हरणाऱ्या शेताचीही त्यांनी अशी बडदास्त ठेवली.

तिसऱ्या वर्षी, कणसं भरली तेव्हा, संस्थेला पैसे देणारे लोक येणार म्हणून निरोप आला. मी मामंजींचा निळा सदरा धुऊन इस्त्री केला. आमच्याकडे तेव्हा कोळशाची इस्त्री होती, कॉलरवर तिचा डाग पडू नये म्हणून मी वर ओला रुमाल ठेवला होता, ते अजून आठवतं. दोन गाड्या आल्या. सगळे आधी चष्मेवाल्यांच्या शेतात शिरले. हे कसं केलं, ते कसं केलं, किती वेळा खुरपलं, सगळं विचारून घेतलं. मग फोटोवाला आमच्या बांधावर आला. मामंजी पाटीशेजारी ताठ उभे होते, थोडं हसत.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. "आजोबा, हा सदरा बदलता येईल का? रोजचा घाला. आणि हसू नका, जरा काळजीत असल्यासारखं बघा."

मी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन मागेच उभी होते. मामंजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा सदऱ्याकडे. शेतातल्या झोपडीत गेले आणि फवारणीच्या वेळचा फाटका सदरा घालून आले. फोटो काढून झाला. ताई तेव्हा दुसऱ्या गाडीतल्या लोकांना घेऊन विहिरीकडे गेली होती, तिला यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी मामंजींनी तो निळा सदरा नीट घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "धुवायला नको, फार वेळ घातला नव्हता."

तीन महिन्यांनी पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद. डाव्या पानावर मामंजी, फाटक्या सदऱ्यात, खाली लिहिलेलं 'पूर्वी'. उजव्या पानावर चष्मेवाले हाताची घडी घालून हसताहेत, खाली 'आता'. सासूबाईंना वाचता यायचं नाही, पण फोटो बघायला अक्षरओळख कुठे लागते? त्यांनी ती पुस्तिका चार घड्या घालून धान्याच्या कोठीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली. "एवढा तरी उपयोग होऊ दे."

त्या दिवशी सर्वांत आधी आले ते चष्मेवाले. दारातच उभे राहिले. चष्मा काढून हातात घेतलेला. "मला काय माहीत असं शेजारी-शेजारी छापणार? मी हसायला नको होतं."

"तुझा मका चांगला आलाय, तू हसणारच," मामंजी म्हणाले. "आत ये, उंबऱ्यावर काय उभा राहतोस."

ताई दुसऱ्या दिवशी आली. स्कूटर नीट लावलीसुद्धा नाही, भिंतीला टेकवली आणि थेट स्वयंपाकघरात आली. मी चुलीपाशी होते, सासूबाईंनी पाठ फिरवली. ताईचे डोळे सुजलेले होते.

"काका, मी बघितलं असतं तर छापू दिलं नसतं. चूक माझीच आहे. मी उद्याच पाटी काढून टाकते. तुम्ही त्या तुकड्यात हवं ते लावा."

मामंजींनी तिला पाट दिला. मग म्हणाले, "पाटी का काढायची? पाटीत खोटं काही नाही. ती पद्धत जुनी आहे आणि मका कमी येतो. मी आंधळा नाही." थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, तीन वर्षं झाली. इतके लोक येऊन गेले. त्याला सगळे विचारतात, काय केलंत, कसं केलंत. मला एकानं तरी विचारलं का, की बाबा, तू असं का करतोस?"

चुलीवर दूध उतू गेलं, पण कोणी उठलं नाही. मीसुद्धा नाही.

ताईनं पिशवीतून वही काढली. "का करता, काका?"

"आता?"

"आता."

आणि आमचे मामंजी, वर्षाकाठी मोजून शंभर वाक्यं बोलणारे, त्या दिवशी दुपारचे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत बोलत राहिले. एका खड्ड्यात तीन दाणे का? एक पाखरू उकरतं, एक अळी खाते, एक आपल्याला उरतो. मक्यात घेवडा का? जमीन उघडी राहत नाही, आणि मका गेला तरी घरात शिजवायला काहीतरी येतं. ओळी सरळ का नाहीत, वाकड्या का? "वाकड्या नाहीत, उताराला आडव्या आहेत. पाणी थांबतं. त्याच्या सरळ ओळींतून माती वाहून माझ्या बांधाला येते, ती तुम्ही कधी बघितलीत?" ताईनं बघितली नव्हती. तिनं लिहून घेतलं.

काही गोष्टींचं कारण त्यांनाही माहीत नव्हतं. ते त्यांनी सरळ सांगितलं, "बाप करायचा म्हणून." मग ताईनं विचारलं, दगडापाशी एवढा मोठा कोपरा नापेर का ठेवता? मामंजी विचारात पडले. सासूबाई इतका वेळ पाठमोऱ्या बसलेल्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "बैल वळवायला."

"आता तर ट्रॅक्टर येतो," ताई म्हणाली.

"बैल जाऊन पंधरा वर्षं झाली!" मामंजी म्हणाले, आणि त्यांना जे हसू फुटलं! ताईही हसली, सासूबाईही. पंधरा वर्षं आम्ही नसलेल्या बैलांना वळायला जागा ठेवत होतो. मामंजींनी डोळे पुसत विचारलं, "तेवढा कोपरा पेरला तर तुमच्या नियमात बसेल का हो, ताई?" त्या दिवसापासून मॅडमची ताई झाली.

पुढच्या बैठकीत ताईनं पद्धत बदलली. आधी मामंजी बोलणार, मग ती. मामंजी उभे राहिले तेव्हा मागे बसलेले लोक खुसुखुसू हसले. पण ते घेवड्याबद्दल सांगायला लागले तशी ओसरी शांत झाली, कारण ते सगळ्यांच्याच शेतातलं होतं. सगळे तेच करत होते आणि संस्थेसमोर लपवत होते. टपरीवाल्याचा भाऊ, जो संस्थेच्या प्रत्येक बैठकीत मान डोलवायचा आणि शेतात काहीच बदलायचा नाही, तो पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. "ताई, गाठीची दोरी चांगली आहे, मी बघितलीय. पण घेवडा काढा म्हणता म्हणून मी लावली नाही. घेवडा ठेवला तर चालेल का?"

"लावून बघू," ताई म्हणाली.

चौथ्या वर्षी चष्मेवाल्यांच्या शेतात ओळी आडव्या झाल्या आणि मधे घेवडा आला. मका थोडा कमी भरला, पण घेवडा मोजला तर एकूण जास्तच. मोठे साहेब नाराज झाले, म्हणे अहवालाच्या तक्त्यात घेवड्याला रकानाच नाही. ताई त्यांच्याशी आमच्या अंगणात उभी राहून भांडली. "मग रकाना वाढवा, सर!" मी आत भांडी घासत होते, माझा हात थांबला. तोपर्यंत मी बाईमाणसाला साहेबाशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या वर्षी तेवीस जणांनी दोरी लावली. आधीच्या तीन वर्षांत मिळून सातांनी लावली होती.

सहाव्या वर्षाच्या शेवटी संस्थेचं काम संपलं. निरोपाचा कार्यक्रम झाला, मांडव, खुर्च्या, प्रमाणपत्रं. चष्मेवाल्यांना काचेच्या चौकटीतलं मिळालं. मामंजींना काही नाही. हरणाऱ्या शेताला देण्यासारखं प्रमाणपत्रच छापलं नव्हतं. ताईनं भाषणात त्यांचं सांगितलं. परत येताना मी मनातून चिडले होते. मामंजी म्हणाले, "बरं झालं सूनबाई. आपली भिंत कुडाची, चौकट टांगायला खिळा मारला असता तर पलीकडे निघाला असता."

पुढच्या पेरणीला तो अर्धा एकर मोकळा झाला. मामंजींनी सकाळीच दोरी काढली, गाठी तपासल्या, आणि सहा वर्षं ज्या तुकड्यात हात आवरला होता तिथे एकेक दाणा टोकत गेले. पहिली ओळ झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, खूश असतील. पण ते रस्त्याकडे बघत होते. पंधरा दिवस गेले, महिना गेला, कोणीही आलं नाही. इतका देखणा मका आला होता आणि बघायला चिटपाखरू नाही. "सवय वाईट," एवढंच म्हणाले. स्कूटरचा आवाज आला की मान वर व्हायची. मग पुन्हा खुरपं.

ताईची पत्रं यायची, पुढे फोन यायला लागले. संस्थाही आल्या आणि गेल्या. एकदा एका नव्या संस्थेची मुलगी हातात टॅब घेऊन अंगणात बसली. शेतकऱ्यांची मतं गोळा करत होती.

"आजोबा, संस्थांनी तुम्हाला दिलेल्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा."

"कोणती संस्था?"

"सगळ्या मिळून."

"सगळ्या मिळून कशा सांगू? कोंबड्यावाल्यांना एक. कलमं चांगली होती, पण उन्हाळ्यात आणली, त्यांना दोन. आमच्या ताईला पाच. तिच्या साहेबाला अडीच. फोटोवाल्याला शून्य."

"शून्य नाहीये आजोबा, एकपासून आहे. आणि एकच आकडा लिहिता येतो."

"मग तू दुपारपर्यंत थांब, मी विचार करून सांगतो," मामंजी म्हणाले. ती थांबली. चहा झाला, गप्पा झाल्या, तिच्या घरची सगळी चौकशी झाली. शेवटी तिनं काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. पण जाताना ती शेत बघून गेली, आणि मामंजींनी तिला तीन प्रश्न उलटे विचारले ते तिनं तळहातावर लिहून घेतले.

मामंजी गेले ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आजारपणाचा फार बोभाटा न करता. सासूबाई त्यांच्या आधी दोन वर्षं. आता शेत मी बघते. यांचा ट्रक सुटला, पण यांचा जीव अजून रस्त्यावरच असतो.

यंदा ताई कापणीनंतर आली, दोन दिवस राहिली. केस पांढरे झालेत, संस्थेत आता तीच मोठी साहेब आहे. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले काठी टेकत आले. आम्ही तिघं ओसरीवर बसून मामंजींच्या गोष्टी काढत होतो, हसत होतो. तेवढ्यात चष्मेवाले म्हणाले, "ताई, आता तो नाही, म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी माझी कंबर धरली होती. महिनाभर वाकता येत नव्हतं. तुमच्या सुधारित शेतातली निम्मी खुरपणी त्यानं केली. पहाटे यायचा, करून जायचा. कोणाला सांगायचं नाही म्हणाला, पोरीचं पहिलंच वर्ष आहे."

मी ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे. मलाही हे माहीत नव्हतं.

"म्हणजे दोन्ही शेतं काकांचीच?" ताई म्हणाली.

"वजनाच्या दिवशी टाळ्या वाजवत होता ना," चष्मेवाले म्हणाले, "त्यातल्या अर्ध्या स्वतःसाठीच होत्या."

ताई हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अहो, माझा सगळा अहवाल खोटा पाडला की तुम्ही!" मग ती उठली आणि आत जाता जाता मला म्हणाली, चहा मी टाकते, तू बस जरा.